वहीतला अर्धचंद्र

मोहिते काकींनी मोबाइल कटिंगच्या टेबलावर असा आपटला, की माझा निळा खडू खाली पडून त्याचे दोन तुकडे झाले.

“उजे, ही नलिनी कोण?”

“कोण नलिनी?” असं म्हणत मी खडू उचलायला टेबलाखाली वाकले आणि गरजेपेक्षा जरा जास्तच वेळ तिथं रेंगाळले.

“वर ये. टेबलाखाली न्हाई ती. हितं हाय, मोबाइलात.”

मी वर आले. मोहिते काकींची तासगावात द्राक्षाची बाग आहे. बागेतली पाखरं उठवायला बाकीचे लोक डबे वाजवतात. काकींनी बांधावर उभं राहून गड्याला नुसती हाक मारली तरी भागतं. त्याच आवाजात त्यांनी वाचायला सुरुवात केली. रस्त्यापलीकडचा रसवंतीवालासुद्धा चरक थांबवून ऐकत होता.

“‘शिंपिणीनं मापांची वही उघडली. नलिनीच्या नावापुढं पेन्सिलीनं काढलेला एक छोटा अर्धचंद्र होता. नलिनीनं विचारलं, हे काय? शिंपीण गडबडली. ती उतरत्या खांद्याची खूण होती. नलिनीचा डावा खांदा उजव्यापेक्षा खाली होता आणि आजवर तिला वाटत आलं होतं, की हे कुणालाच माहीत नाही.’” काकींनी मोबाइल खाली ठेवला. “आता तुझी वही काढ.”

मागं पाटावर ब्लाउजला हुक लावत बसलेल्या आईनं सुई थांबवली.

ही खुणांची पद्धत माझ्या वडिलांची. ते पुरुषांचे कपडे शिवायचे. गिऱ्हाइकाचं उणं गिऱ्हाइकासमोर लिहायचं नाही, असा त्यांचा दंडक होता. ढेरी असेल तर मापापुढं शून्य काढायचं, पोक असेल तर स्वल्पविराम, आणि एक खांदा उतरता असेल तर अर्धचंद्र. दुकान माझ्याकडं आलं, सदरे जाऊन ब्लाउज आले, खुणा मात्र तशाच राहिल्या.

“पाच वर्सांमागं मी तुला इचारलं हुतं,” काकी म्हणाल्या, “माझ्या नावाम्होरं ह्यो चंद्र कशाला गं? तू काय म्हणालीस?”

“काय म्हणाले?”

“म्हणालीस, गिऱ्हाईक चांगलं आसलं की मी चंद्र काढते. आणि मी गावभर सांगत हिंडले! भिशीत सांगितलं, हळदीकुंकवात सांगितलं. उजीच्या वहीत मला चंद्र हाय म्हणून!”

आईला खोकला आला. तो खोकला नव्हता हे मला कळलं. सुदैवानं काकींना कळलं नाही.

“माझा खांदा जगात दोघींनाच म्हाईत. एक मी, दुसरी तू. मग ह्या निशिगंधा बाईला सांगितलं कुणी?”

“काकांना माहीत असेल की.”

“त्येंना माझा चेहरा तरी म्हाईत हाय का, त्येच इचारावं लागंल एकदा.”

निशिगंधा कोण हेही मला चांगलंच ठाऊक होतं. मोबाइलवर गोष्टी वाचायचं एक अॅप आहे. त्यावर या नावानं मी सहा वर्षं प्रेमकथा लिहीत होते. रोज दुपारी, गिऱ्हाईक नसताना, इस्त्रीच्या टेबलाशी उभी राहून. सतरा हजार वाचक होते मला. पण निशिगंधा म्हणजे उज्ज्वला हेंद्रे, उज्ज्वल लेडीज टेलर्सची मालकीण, हे गावात फक्त आईला माहीत होतं. आणि ते तसंच राहणं फार गरजेचं होतं. बायका आमच्याकडं टेपसमोर उभ्या राहतात त्या विश्वासानं. आपल्या अंगाची खूण हिनं छापली, असं एकदा गावात झालं की दुसऱ्या दिवशी दुकानात मी, आई आणि दाराशी ठेवलेला पुतळा एवढेच उरलो असतो.

चूक माझी होती. एखाद्या डॉक्टरीणबाईनं किंवा मास्तरणीनं कथा लिहिली असती तर हे झालं नसतं. ही चूक शिंपिणीकडूनच व्हायची.

त्याआधीच्या माझ्या नायिका फार गुणी होत्या. स्वरदा, अन्विता, मिताली. सगळ्यांच्या कमरा चोवीस इंच आणि नाकं चाफेकळी. तोवर वीस वर्षं मी तासगावात मापं घेत होते आणि चोवीस कंबर मी एकदाच पाहिली होती. ती पाचवीतल्या मुलीची होती, स्नेहसंमेलनाच्या परकर-पोलक्यासाठी आली होती. पण कथेत मी टेप बाजूला ठेवायचे. मग एक दिवस ‘जिज्ञासू’ नावाच्या कुणा वाचकानं मितालीच्या चौदाव्या भागाखाली लिहिलं, “मॅडम, तुमच्या नायिका कधी शिंकतात का?”

दोन दिवस मी धुमसत होते. तिसऱ्या दिवशी नलिनी जन्माला आली. पतपेढीत कारकून, वय एकोणचाळीस, कंबर चौतीस, शिंक आली की एकदम तीन यायच्या. आणि डावा खांदा पाऊण इंच उतरता. लिहिण्याच्या भरात तिच्या शिंपिणीच्या हातात मी माझीच वही दिली आणि वहीत माझीच खूण काढली. सतरा हजार लोकांनी ती वाचली. त्यातल्या बऱ्याच बायका तासगावातल्या निघतील, असं माझ्या स्वप्नातही आलं नव्हतं.

“आज मी एकटी आले,” काकी सांगत होत्या, “उद्या गोडबोलेबाई येणार हायत. त्येंच्या बी नावाम्होरं चंद्र हाय. ती दवाखान्यातली नर्स, नसीम, ती बी पेटलीय. समद्यांना वाटतंय नलिनी म्हंजे आपुनच.”

आता काहीतरी करणं भाग होतं. मी वही काढली. लाकडी पट्टी नावांच्या रकान्यावर आडवी धरली.

“काकी, दाखवते. पण नावं बघायची नाहीत.”

मी पान उलटलं. दहा ओळी होत्या, त्यात सात चंद्र. दुसरं पान, आठ. तिसरं, सहा. काकी आधी बोटानं मोजत होत्या, मग त्यांचं बोट थांबलं. मी पानं उलटत राहिले.

“ह्या समद्या?”

“सगळ्या.”

“डाव्याच?”

“कुणाचा डावा, कुणाचा उजवा. कुणाचा दोन सूत, कुणाचा अर्धा इंच. मी आतून अस्तराची घडी घालते, म्हणजे वरून सरळ दिसतं.”

“म्हंजे माझ्यात बी घडी हाय?”

“आहे.”

काकींनी पदराआडून आपला डावा खांदा चाचपला. बराच वेळ चाचपत होत्या. त्यांच्या चेहऱ्यावरचा राग कुठं गेला ते त्यांनाही कळलं नसावं.

“आगं, मी लगीन झाल्यापास्नं फोटोत उजव्या अंगानं उभी ऱ्हाते,” त्या हळू म्हणाल्या. त्यांना हळू बोलता येतं हे मला तेव्हा प्रथम समजलं. “मग सरळ कोण हाय गं ह्या गावात?”

मी दाराशी उभ्या असलेल्या पुतळ्याकडं बोट दाखवलं. त्याच्या अंगात पैठणीचा ब्लाउज होता, छत्तीसचा, कुठं सुरकुती नाही.

“तिला तर मुंडकंच न्हाई,” काकी म्हणाल्या.

मी वही मिटायला लागले तशी त्यांनी पट्टीवर हात ठेवला. “तुझं पान कुठलं?”

“माझं कशाला लागतंय? मी माझं अंदाजानं शिवते.”

“बावीस वर्षं अंदाजच चाललाय,” मागून आई म्हणाली.

काकी निघाल्या. पायरीवर थांबून त्यांनी वळून पाहिलं. “पर त्या बाईला सांगितलं कुणी, त्ये काय कळलं न्हाई. शनवारी श्येवटचा भाग हाय. नलिनीच्या खांद्याचं काय हुतंय त्ये बघते, मग तुझ्याकडं बघते.”

मंगळवारी गोडबोलेबाई आल्या, बुधवारी नसीम आली. दोघींना मी पट्टी धरून वही दाखवली. गोडबोलेबाई तीस वर्षं शाळेत गणित शिकवलेल्या. त्यांनी डोळे मिटून हिशेब केला आणि म्हणाल्या, “म्हणजे उज्ज्वला, सरळ असणं हाच अपवाद आहे. मग घडी अपवादांना घालायला हवी.” नसीम नुसतीच हसत सुटली. हसता हसता म्हणाली, “दीदी, मी चार वर्सं उकाड्यात जॅकेट घालून फिरतेय, त्याचं काय?”

तिघी हलक्या होऊन गेल्या. मी मात्र आणखी जड झाले. नलिनीचं माप मी वहीतल्या कुणाचंच घेतलं नव्हतं, हे मी त्यांना सांगू शकत नव्हते.

गुरुवारी पुण्याहून फोन आला. एका प्रकाशनाच्या प्रभुदेसाई मॅडम होत्या. माझं खरं नाव आणि नंबर त्यांनी अॅपवाल्यांकडून मिळवला होता. आवाज इतका मऊ, की मी आपोआप ओढणी नीट केली.

“उज्ज्वलाताई, नलिनी आम्हाला फार आवडली हो. अगदी आपल्यातली वाटते. आपण तिचं पुस्तक काढू या.”

मी इस्त्री बंद केली. नाहीतर कुणाची तरी रेशमी बाही जळाली असती.

“फक्त एकच गोष्ट,” मॅडम म्हणाल्या. “शेवटी तिचा तो खांदा सरळ करू या का?”

“कसा?”

“डॉक्टर, व्यायाम, असं काहीतरी. लग्नाच्या आधी. वाचकाला आशा लागते ना.”

“आणि तसाच ठेवला तर?”

“मग मुखपृष्ठावर काय काढायचं?”

मी हो म्हटलं. खोटं कशाला सांगू, आनंदानं म्हटलं. पुस्तक! पाठीवर छापलेलं नाव! आमच्या घरात पुस्तक म्हणजे पंचांग आणि वडिलांचं कटिंगचं पुस्तक, दोनच. संध्याकाळपर्यंत मी शेवटचा भाग लिहून काढला. नलिनी मिरजेला डॉक्टरांकडं जाते, तीन महिने भिंतीला पाठ टेकून व्यायाम करते आणि लग्नाच्या दिवशी तिचे दोन्ही खांदे एका रेषेत येतात. लिहिताना मी स्वतःही ताठ बसले होते.

आईला वाचून दाखवलं. आई हुक लावता लावता म्हणाली, “छान. आता तिला मुंडकं ठेवलंयस ना?”

दुसऱ्या दिवशी सकाळभर मी तिच्याशी बोललेच नाही.

शुक्रवारी मला मोरपंखी अस्तर हवं होतं आणि माझं स्वतःचंही एक सामान संपलं होतं. म्हणून मी माळवद्यांच्या मॅचिंग सेंटरमध्ये गेले. धनंजय माळवदे आमच्याच समाजातले. तेव्हा बेचाळिशीचे होते, लग्न झालेलं नव्हतं. डोक्यावर केस मोजके, पण तेवढे रोज शिस्तीत विंचरलेले. नऊ वर्षं मी त्यांच्याकडून अस्तर, रिळं, हुक घेत होते आणि नऊ वर्षं ते मला ‘उज्ज्वलाताई’ म्हणत होते. आईला याची फार गंमत वाटायची. “ताई म्हणतो,” ती म्हणायची, “आणि रक्षाबंधनाला मेला दुकान बंद ठेवतो. राख्या विकतो, पण आदल्या दिवसापर्यंतच. काय समजायचं माणसानं?” मी म्हणायचे, काही समजू नकोस, हुक लाव.

“मोरपंखी अस्तर दीड मीटर,” मी म्हटलं, “आणि—”

“आणि शोल्डर पॅड, एक,” माळवद्यांनी वाक्य पुरं केलं.

ते अस्तर मोजायला लागले. मोजता मोजता म्हणाले, “उद्या नलिनीचा शेवटचा भाग.”

“कोण नलिनी?” त्या आठवड्यात हे वाक्य मी इतक्यांदा म्हटलं होतं की आता ते आपणहून तोंडातून पडत होतं.

“मोबाइलवर एक गोष्ट येते. दुपारी गिऱ्हाईक नसतं, तेव्हा वाचतो.”

“बरी आहे का?” मला विचारल्याशिवाय राहवलं नाही.

“नलिनी बरी आहे. आधीच्या बायका काही खऱ्या वाटायच्या नाहीत. मी एकदा विचारलंसुद्धा, तुमच्या नायिका शिंकतात का म्हणून.”

मी गिऱ्हाइकांच्या स्टुलावर बसले. मी ज्याच्यावर दोन दिवस धुमसले होते तो जिज्ञासू काउंटरपलीकडं उभा राहून अस्तर कापत होता.

“पण लेखिकेची एक चूक झालीय,” ते म्हणाले.

“कुठली?”

“अकराव्या भागात नलिनी दुकानातून पॅडची जोडी फोडून एकच घेते. तिला वाटतं दुकानदाराच्या लक्षात येत नाही. असं कसं होईल? उरलेला दुसरा तो कुठं ठेवणार? लेखिकेनं त्या दुकानदाराचा विचारच केलेला नाही.”

त्यांनी फळीवरून बिस्किटाचा एक जुना पत्र्याचा डबा काढून माझ्यासमोर ठेवला आणि झाकण उघडलं. आत पांढरे, काळे, बदामी पॅड होते. एकसुद्धा जोडी नव्हती.

“एकोणीस आहेत,” माळवदे म्हणाले. “तालुक्यातले निम्मे शिंपी माझ्याकडून माल नेतात. जोडी फोडून मागणारं गिऱ्हाईक एकच आहे.”

“ते मी गिऱ्हाइकासाठी नेते.”

“हो. मीही तेच म्हणतोय. गिऱ्हाईक एकच.”

तो डबा बघताना मला भर बाजारात अंगावरचा कपडा उसवल्यासारखं झालं. नलिनीचा खांदा माझा होता. लहानपणी पाठीच्या कण्याला बाक आला आणि तो तसाच राहिला. दहावीपासून मी पॅड लावत आले होते. केस त्या बाजूनं पुढं घ्यायचे. दुसऱ्याचं माप घेताना वाकायचे, म्हणजे माझ्याकडं कुणी बघायचं नाही. आणि बावीस वर्षं मला वाटत होतं, की हे आई सोडून कुणाला ठाऊक नाही.

“कुणाला सांगितलंत?” मी विचारलं.

“हा डबा नऊ वर्षांत कुणाला दाखवलेला नाही.”

“म्हणजे पॅड लावूनसुद्धा दिसतं?”

“दिसतं.” त्यांनी जरा थांबून, माझं मन राखून सांगायचं! पण छे.

“मग इतकी वर्षं काय बघत होतात तुम्ही? गंमत?” माझा आवाज चढला होता.

माळवद्यांनी चष्मा काढून पुसला. “तुम्ही दाराशी जाऊन अस्तर उजेडाला धरता ना, तेव्हा मान डावीकडं झुकते आणि तो खांदा आणखी खाली जातो. पहिल्यांदा मला वाटलं, रंग जुळवायची हीच रीत असेल. दुकान नवीन होतं, मला कुठं काय येत होतं. मीपण तसंच बघायला लागलो. आता सवय झालीय. माल घेऊन येणारे इचलकरंजीचे व्यापारी हसतात मला. पण रंग चुकत नाही.”

त्यांनी मोरपंखी अस्तर उचललं, दाराशी गेले आणि उजेडाला धरून उभे राहिले. मान डावीकडं, डावा खांदा खाली, एक डोळा जरा बारीक. ती मी होते. आरशात मी स्वतःला नेहमी ताठ करून बघायचे. त्यामुळं असं, बेसावध, मी स्वतःला कधी पाहिलंच नव्हतं. आणि पाहिलं ते एका टक्कल पडत चाललेल्या बेचाळीस वर्षांच्या माणसाच्या अंगात! मला हसू आलं आणि डोळ्यांत पाणीही आलं. वाईट दिसत नव्हतं हो. कामात बुडालेलं माणूस दिसतं तसं दिसत होतं.

“शेवट काय केलाय?” त्यांनी अस्तराची घडी घालत विचारलं. या वेळी ‘कोण नलिनी?’ माझ्या तोंडातून पडलं नाही.

“सरळ करतेय खांदा. पुण्याच्या बाईंची तशी अट आहे. पुस्तक निघणार आहे.”

“पुस्तक? वा!” ते खरंच खूश झाले. मग घडीवर हात फिरवत राहिले. घडी केव्हाच झाली होती.

“मग? काय झालं?”

“काही नाही. नलिनीला आता पॅड लागायचा नाही.” त्यांनी बरणीतून एक जोडी काढली आणि फोडायला हात लावून थांबले. “तुम्हाला देऊ ना?”

मी त्या जोडीकडं बघत राहिले. नलिनी पुस्तकात जाऊन सरळ उभी राहणार आणि मी दर सहा महिन्यांनी इथं येऊन ‘एक द्या’ म्हणणार. डबा भरत जाणार. मोहिते काकी उद्याचा भाग वाचणार आणि म्हणणार, तिचा झाला सरळ, मग आपलाच काय तो राहिला. पुन्हा उजव्या अंगानं फोटोत उभ्या राहणार.

“राहू द्या,” मी म्हटलं आणि तडक बाहेर पडले.

गल्लीच्या तोंडापर्यंत गेले असेन, तेवढ्यात मागून हाक आली.

“उज्ज्वला!”

मी वळले. माळवदे हातात पुडकं घेऊन भर गल्लीत उभे होते. बांगड्यावाल्या मुजावर चाची कान टवकारून ऐकत होत्या. माळवद्यांना आपण कुठला शब्द गाळला हे तेव्हा लक्षात आलं असावं, कारण त्यांच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या. पण ‘ताई’ काही त्यांनी मागाहून जोडलं नाही.

“अस्तर राहिलं,” ते म्हणाले.

घरी आले आणि ओढणी खुंटीला लावली. “आई, टेप घे.”

आईनं एकदा माझ्याकडं पाहिलं. हुकांची डबी बाजूला ठेवली, गुडघ्यावर हात टेकून उठली आणि माझ्या मागं येऊन उभी राहिली. वडील गेल्यानंतर तिनं टेप हातात घेतला नव्हता. पण ती आकडे त्यांच्याच चालीत सांगत होती, मी लिहीत होते. उंची साडेचौदा. छाती सदतीस. कंबर चौतीस. मुंढा सतरा. मग तिनं दोन्ही खांद्यांवर बोटं ठेवली, पुन्हा मोजलं, पुन्हा एकदा मोजलं.

“पाऊण नाही गं. एक इंच आहे.”

“नीट बघ.”

“नीटच बघितलं. तू अंदाजात पाव इंच मारत होतीस.”

दुसऱ्यांची मापं सुताच्या हिशेबात घेणारी मी, स्वतःच्या मापात बावीस वर्षं लबाडी करत होते. मी वहीत शेवटच्या ओळीवर लिहिलं, उज्ज्वला हेंद्रे. पुढं मापं लिहिली. मग पेन्सिल घेऊन अर्धचंद्र काढला.

आई खांद्यावरून बघत होती. “जरा मोठा काढ,” ती म्हणाली. “इंचाचा आहे.”

शेवटचा भाग मी शनिवारी सकाळी पुन्हा लिहिला. मिरजेचे डॉक्टर गेले, भिंत गेली. नलिनी लग्नाचा ब्लाउज शिवायला जाते. शिंपीण विचारते, आत घडी घालू? नलिनी म्हणते, नको, जसा आहे तसा शिव. मग तिला तीन शिंका येतात. संपलं. दुपारी बाराला मी तो अॅपवर टाकला. एकला प्रभुदेसाई मॅडमचा फोन आला. आवाज तितकाच मऊ होता. म्हणाल्या, “बघू मग पुढे कधीतरी.” ते पुढे कधीच आलं नाही. वाईट वाटलं. अजूनही एखादं पुस्तक हातात घेतलं, की माझी नजर आधी त्याच्या पाठीवर जाते.

सोमवारी मोहिते काकी आल्या. यावेळी मोबाइल टेबलावर अलगद ठेवला.

“त्या निशिगंधेला सांग, श्येवट बरा केलास म्हणावं.”

“मला कुठं भेटणार ती?”

“टेबलाखाली बघ. आसंल तिथंच,” असं म्हणून काकींनी नव्या ब्लाउजचं कापड पुढं केलं. गावात या विषयावर त्या कुणाशी एक शब्द बोलल्या नाहीत. त्या आवाजाच्या बाईला हे किती जड गेलं असेल याची मला कल्पना आहे.

त्या वर्षी रक्षाबंधनाला माळवद्यांचं दुकान दिवसभर उघडं होतं. आई मुद्दाम दोनदा त्या गल्लीतून जाऊन खात्री करून आली.

याला आता सात वर्षं झाली. आमचं लग्न मार्गशीर्षात झालं, घरच्या मांडवात, मोजक्या माणसांत. लग्नाचा ब्लाउज मीच शिवला, वहीतल्या मापानं, आत काहीही न घालता. आयुष्यात पहिल्यांदा मला ब्लाउज अंगावर आहे हे विसरता आलं. बिस्किटाचा डबा धनंजयनी लग्नात आंदण म्हणून आणला होता. त्यातल्या एकोणीस पॅडच्या मी टाचण्या खोचायच्या गाद्या केल्या. तालुक्यातल्या बऱ्याच शिंप्यांकडं त्या अजून आहेत.

पण मला त्या दिवसातलं खरं आठवतं ते वेगळंच. अक्षता पडल्या, वाजंत्री थांबली, आणि मोहिते काकी मला भेटायला पुढं आल्या. डोळ्यांनी त्यांनी माझा डावा खांदा मापला. मग कानाशी येऊन, त्यांच्या मानानं अगदी हळू, म्हणजे पहिल्या तीन रांगांना ऐकू जाईल इतक्याच आवाजात, त्या म्हणाल्या, “आतलं काढलंस व्हय?”

“काढलं, काकी.”

“मी बी काढून आले. सकाळी ब्लेडनं उसवलं.” त्यांनी पदर सावरला. मग फोटोग्राफरकडं तोंड करून, आयुष्यात पहिल्यांदा डाव्या अंगानं, माझ्या शेजारी उभ्या राहिल्या. “अस्तर जरा फाटलं बघ त्यात. तेवढं सोमवारी शिवून दे.”